मार्कोनी : बिनतारी संदेशाचा धनी

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. विवराच्या काठावर उभे राहून टिपलेली त्याची छायाचित्रे टाळेबंदीच्या त्या दिवसांत पाहता पाहता जगभर पोहोचली. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला असल्याचा निर्वाळा दिला. परंतु तो येण्यापूर्वीच सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी ते पाणी डोळ्यांनी पाहून घेतले होते. याच सरोवराची दखल १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने घेतली, तेव्हा ती वार्ता युरोपात जायला शिडाच्या जहाजाखेरीज दुसरे वाहन नव्हते.

मधल्या दोनशे वर्षांत ज्यांनी हे अंतर मिटविले, त्यांच्या पंक्तीत पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले नौदलाचे एक अभियंते आहेत. आरोग्यस्वामी पॉलराज हे त्यांचे नाव. एकाच वेळी अनेक एरियलांच्या साहाय्याने संदेश पाठविण्याची व झेलण्याची त्यांची पद्धत आजच्या भ्रमणध्वनीच्या जाळ्यात सर्वत्र वापरली जाते. या कार्यासाठी २०१४ साली त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळाले. दूरसंचार अभियांत्रिकीतील असामान्य कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या जगातील मोजक्या सन्मानांपैकी हा एक होय. ज्याच्या नावाने तो दिला जातो, त्या गुल्येल्मो मार्कोनीचे चरित्र मात्र शाळेच्या पुस्तकातील एका वाक्यात आटोपले जाते : मार्कोनीने रेडिओचा शोध लावला. हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग सांगितल्यावाचून या सन्मानाचे मोल कळणार नाही.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. वडील ज्युसेप्पे हे सधन जमीनदार. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील मद्य गाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातील. मुलाचे शिक्षण बरेचसे घरीच, खाजगी शिक्षकांकडे झाले. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच मिळविली नाही, आणि भौतिकशास्त्राचा आपला अभ्यास रीतसर झालेला नाही हे त्याने पुढे नोबेल व्याख्यानातही लपविले नाही. बोलोन्या विद्यापीठातील आउगुस्तो रीगी हे प्राध्यापक शेजारीच राहत. त्यांची प्रयोगशाळा व ग्रंथालय या मुलाला खुले झाले. विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणारा हाइनरिश हर्ट्झ १८९४ च्या आरंभी अकाली वारला. त्याच्या कार्यावर रीगींनी लिहिलेला लेख वीस वर्षांच्या मार्कोनीने वाचला आणि या लहरींनी तारेवाचून संदेश का पाठवू नये, या एका प्रश्नाने त्याला झपाटले.

प्रश्न त्याला एकट्यालाच सुचला असे नाही. इंग्लंडात ऑलिव्हर लॉज, रशियात पोपोव्ह आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू हे सारे त्याच सुमारास त्याच लहरींवर काम करीत होते. १८९५ साली कलकत्त्यातील लोकांसमोर बसूंनी भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. परंतु या विद्वानांना लहरींचे स्वरूप जाणून घ्यायचे होते. मार्कोनीला त्या किती लांब जातात एवढेच हवे होते. पोन्तेक्क्यो येथील वडिलांच्या घराच्या माळ्यावर त्याने यंत्रे मांडली. नवीन तत्त्व त्याने एकही शोधले नाही; दुसऱ्यांची साधने घेऊन ती घासूनपुसून नीट केली, एक टोक उंच हवेत आणि दुसरे जमिनीत पुरले, आणि पल्ला खोलीतून अंगणात, अंगणातून शेतात असा वाढत गेला. १८९५ च्या अखेरीस संदेश टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर जाऊ लागला. टेकडीआड उभ्या असलेल्या भावाने संदेश मिळाल्याची खूण म्हणून बंदुकीचा बार काढला, असे सांगतात. लहरी टेकडीला अडत नाहीत, हे तत्कालीन समजुतीत न बसणारे सत्य एका पदवीहीन पोराच्या हाती लागले होते.

१८९६ च्या आरंभी आई त्याला घेऊन लंडनला गेली. जगाच्या सागरी व्यापाराचे ते केंद्र होते आणि आईचे नातलग तेथे पैसा व ओळखी बाळगून होते. २ जून १८९६ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याला पाठबळ दिले. १८९७ च्या मे महिन्यात ब्रिस्टलच्या खाडीवरून बिनतारी संदेश पार झाला, आणि दोनच महिन्यांनी, प्रीस यांच्या खात्याला बाजूस ठेवून, मार्कोनीने स्वतःची कंपनी काढली. तेवीस वर्षांच्या तरुणाचा हा निर्णय पुढच्या साऱ्या इतिहासाला वळण देणारा ठरला. टपाल खात्याच्या हाती गेलेली विद्या सार्वजनिक सेवा झाली असती. कंपनीच्या हाती ती मालमत्ता झाली.

१८९९ साली इंग्लिश खाडी ओलांडली गेली. त्यानंतर मार्कोनीने अटलांटिक महासागरावर डोळा ठेवला. जाणकारांनी माना हलविल्या. लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात, पृथ्वी तर गोल; मग दोन खंडांमधला पाण्याचा फुगवटा त्या ओलांडणार कशा, हा आक्षेप त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे अगदी रास्त होता. मार्कोनीपाशी त्याला उत्तर नव्हते. होता तो हट्ट. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोल्धू येथे त्याने प्रचंड प्रेषक केंद्र उभारले. वादळाने तेथील खांब पडले, अमेरिकेच्या किनाऱ्यावरचेही पडले. अखेर न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स गावाच्या टेकडीवर, डिसेंबरच्या गोठविणाऱ्या वाऱ्यात, त्याने पतंगाला तार बांधून ती आकाशात सोडली. १२ डिसेंबर १९०१ रोजी कानाला लावलेल्या ध्वनिग्राहकात तीन टिंबांचा ‘एस’ हा संकेत ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले. पोल्धू तेथून साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. साक्षीला जॉर्ज केम्प हा एकच सहायक होता, कागदी पट्टीवर काही उमटले नव्हते, आणि वेळ भर दुपारची होती. तेवढ्या तरंगलांबीचे संकेत दिवसाच्या उजेडात इतके दूर पोहोचणे अवघड असल्याचे आज ठाऊक असल्यामुळे त्या दिवशी मार्कोनीने वातावरणातील खरखरच ऐकली असावी, अशी शंका अनेक अभ्यासक घेतात. तथापि पुढच्याच फेब्रुवारीत ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरून जाताना पोल्धूचे संकेत त्याने पट्टीवर उमटवून घेतले. दिवसा सातशे मैलांपर्यंत आणि रात्री दोन हजार मैलांहून अधिक असा पल्ला नोंदला गेला. रात्र व दिवस यांतील हा फरक वातावरणाच्या वरच्या थरात विद्युद्भारित कणांचा आरसा असल्याची पहिली चाहूल होती. तो आरसा आहे हे १९०२ साली हेव्हिसाइड व केनेली यांनी तर्काने मांडले आणि १९२४ साली ॲपल्टनने प्रयोगाने दाखविले. थोडक्यात, मार्कोनीचा हट्ट यशस्वी झाला तो निसर्गात त्याला ठाऊक नसलेली एक सोय होती म्हणून.

सेंट जॉन्सच्या टेकडीवर मार्कोनीच्या कानाशी जे संग्राहक साधन होते, त्याची कथा भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. ते पाऱ्याचे होते आणि इटालियन नौदलातील लुइजी सोलारी या मित्राने मार्कोनीला दिले होते. पारा, लोखंड आणि कानाला लावण्याचा ध्वनिग्राहक अशी रचना जगदीशचंद्र बसूंनी १८९९ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात वर्णिली होती. निबंध छापून प्रसिद्ध होता. हे साम्य प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सप्रमाण दाखविले. येथे दोन्हीकडचा अतिरेक टाळला पाहिजे. बसूंनी महासागरापार संदेश पाठविण्याचा प्रयत्न कधी केला नव्हता. त्यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या आणि लवकरच त्यांचे मन वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. म्हणून रेडिओ बसूंचाच, मार्कोनीने तो चोरला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु त्या साधनाचे श्रेय देताना मार्कोनीने बसूंचे नाव घेतले नाही, हेही तितकेच खरे. शोधावर मालकी सांगणे बसूंना मुळातच नापसंत होते. मित्रांच्या आग्रहाखातर एका संग्राहकासाठी त्यांनी अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ साली पेटंट मिळाले, त्यातूनही त्यांनी धनलाभ करून घेतला नाही. एकाच विद्येचे हे दोन उपासक, आणि विद्या कोणाची या प्रश्नाला दोघांची उत्तरे अगदी उलट.

मार्कोनीचे उत्तर किती कडक होते, हे समुद्रावर दिसले. त्याची कंपनी जहाजांना यंत्रे विकत नसे. यंत्र भाड्याने आणि ते चालविणारा माणूस आपल्या पगारावर, अशी तिची पद्धत होती. या माणसांना सक्त आज्ञा असे की दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या जहाजाशी, संकटाची वेळ सोडल्यास, बोलायचे नाही. १९०२ साली जर्मन सम्राटाचा भाऊ राजपुत्र हाइनरिश ‘डॉइचलांट’ जहाजाने अमेरिकेहून परतत असताना त्याला या नियमाचा फटका बसला. जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते, मार्कोनीच्या केंद्रांनी त्याला दाद दिली नाही. राजपुत्राचा अपमान हे निमित्त झाले. १९०३ साली बर्लिनला राष्ट्रांची परिषद भरली आणि १९०६ च्या करारात यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्याने व जहाजाने एकमेकांना उत्तर दिलेच पाहिजे, असे तत्त्व मान्य झाले. आज कोणत्याही कंपनीच्या भ्रमणध्वनीवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी सहज बोलता येते, त्या सोयीचे मूळ या भांडणात आहे. आणि त्या भांडणात मार्कोनी विरुद्ध पक्षाला होता.

१९०९ साली जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउनबरोबर त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ‘रिपब्लिक’ हे प्रवासी जहाज टकरीत बुडाले आणि बिनतारी हाकेमुळे त्यावरील जवळजवळ सारे प्रवासी वाचले. १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले. त्यावरील दोन्ही बिनतारी चालक मार्कोनीच्या कंपनीचे नोकर होते. पाणी चढत असतानाही त्यांनी हाका मारणे थांबविले नाही. त्यांपैकी जॅक फिलिप्स प्राणास मुकला. ती हाक ऐकून ‘कार्पेथिया’ धावून आले व सुमारे सातशे माणसे वाचली. या यंत्राने माणसाला दिलेले याहून मोठे दान सांगता येणार नाही. मात्र त्याच दिवसांतील दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वाचलेल्यांना घेऊन ‘कार्पेथिया’ न्यूयॉर्ककडे येत असताना कंपनीच्या माणसांकडून जहाजावरील चालकांना निरोप गेले की तोंड बंद ठेवावे, हकीकत वृत्तपत्राला चांगल्या किमतीस विकण्याची व्यवस्था होत आहे. किनाऱ्यावर नातलग आपल्या माणसांच्या बातमीसाठी तळमळत होते. अमेरिकी सेनेटच्या चौकशीत याबद्दल मार्कोनीला उत्तरे द्यावी लागली. ते निरोप आपल्या संमतीने गेले नव्हते, असे त्याने सांगितले. ते खरे असेलही. परंतु बातमी ही विकण्याची वस्तू आहे, हे आपल्या नोकरांना त्याच्याच कंपनीने शिकविले होते.

त्याच वर्षी इटलीत मोटारीच्या अपघातात त्याने उजवा डोळा गमावला. विवाह दोन झाले; ‘एलेत्त्रा’ ही नौका हीच त्याची फिरती प्रयोगशाळा आणि, खरे म्हणजे, त्याचे घर होते.

या नौकेवर आणि पोल्धूला १९२३-२४ मध्ये चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्यासह त्याने केलेले प्रयोग हे त्याचे दुसरे मोठे कार्य. वीस वर्षे लांब लहरींच्या मागे धावून, प्रचंड खांब उभारून जे साधले नव्हते, ते लघुलहरींनी साधले. आखूड लहरी आरशाने प्रकाश एकवटावा तशा एका दिशेने एकवटून सोडल्या की थोड्या शक्तीत त्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतात, हे लक्षात येताच आपला जुना मार्ग सोडून देण्यास तो कचरला नाही. पन्नाशीला पोहोचलेल्या, जुन्या पद्धतीत मोठे भांडवल गुंतविलेल्या माणसाने हे करणे सोपे नव्हते. ब्रिटिश सरकारने साम्राज्यातील देशांना जोडण्यासाठी ही ‘बीम’ पद्धत स्वीकारली आणि ती महाराष्ट्राच्या भूमीवर आली. पुण्याजवळ खडकीला प्रेषक केंद्र आणि दौंडला संग्राहक केंद्र उभे राहिले. १९२७ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. १८७० पासून मुंबईचा विलायतेशी संबंध समुद्रतळाच्या केबलवर अवलंबून होता. बिनतारी मार्गाने दर इतके उतरले की केबल कंपन्यांचे धाबे दणाणले आणि १९२९ साली दोन्ही व्यवसाय एका छत्राखाली आणावे लागले.

खडकी-दौंडच्या या केंद्रांवरून सरकारी हुकूम गेले, कापसाचे भाव गेले, वृत्तसंस्थांच्या तारा गेल्या. वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्याला मात्र त्या भावाची वार्ता व्यापाऱ्याच्या तोंडूनच कळत राहिली. १ जानेवारी १९४७ रोजी ही परदेशी संदेशवहन सेवा राष्ट्राच्या मालकीची झाली. तोवर दोन टोकांना जोडणारी ती रेषा मधल्या मुलखाला न शिवता डोक्यावरून गेली, असेच म्हणावे लागेल.

मार्कोनीच्या उत्तरायुष्याची बाजू अधिक काळोखी आहे. १९२३ साली तो फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने त्याला राष्ट्रीय संशोधन परिषदेचे अध्यक्षपद दिले, १९३० साली इटलीच्या राजकीय अकादमीचा अध्यक्ष केले, आणि फॅसिस्ट महामंडळात बसविले. मार्कोनीला राजकारणाची समज नव्हती, मानमरातबाची हौस होती, असे त्याचे समर्थन करण्यात येई. परंतु २००२ साली उजेडात आलेल्या कागदांत अकादमीसाठी सुचविलेल्या विद्वानांपैकी ज्यूंच्या नावापुढे इटालियन भाषेतील ‘ज्यू’ या शब्दाचे आद्याक्षर टिपलेले आढळले. त्याच्या कारकीर्दीत एकाही ज्यू विद्वानाची तेथे निवड झाली नाही. इटलीत ज्यूविरोधी कायदे आले ते १९३८ साली. हे त्याआधीचे आहे. ज्याने टेकड्या व महासागर यांना जुमानले नाही, त्याने माणसांमध्ये ही भिंत निमूटपणे उभी राहू दिली.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ब्रिटनमधील व इतर देशांतील बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपले प्रेषण थांबविले. जगाचे आकाश त्याने ज्या आवाजाने भरले, तो आवाज त्याच्यासाठी क्षणभर थांबला. असा मान दुसऱ्या कोणा अभियंत्याच्या वाट्याला क्वचितच आला असेल. सहा वर्षांनी, १९४३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या आधीच्या कार्याचा दाखला देऊन त्याच्या एका महत्त्वाच्या पेटंटातील दावे रद्द ठरविले. मालकीची जी इमारत त्याने आयुष्यभर राखली, तिचा एक मोठा खांब त्याच्यामागे असा ढासळला.

१९७४ हे त्याचे जन्मशताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने त्याची कन्या जॉइया मार्कोनी ब्रागा हिने हा सन्मान स्थापन केला, आणि १९७५ पासून तो दिला जाऊ लागला. आरंभी त्याला पारितोषिक न म्हणता आंतरराष्ट्रीय अधिछात्रवृत्ती म्हणत. वडिलांचे नाव चालविताना मुलीने त्यांच्या कंपनीची रीत चालविली नाही, हे मानकऱ्यांच्या यादीवरून दिसते. काचेच्या तंतूतून संदेश नेणारे चार्ल्स काओ, संगणकांच्या जाळ्याची भाषा सर्वांना समान करणारे व्हिंट सर्फ, आणि आपले विश्वव्यापी जाळे कोणतेही पेटंट न घेता जगाच्या हवाली करणारे टिम बर्नर्स-ली यांची नावे तीत आहेत.

१९८० साली हा मान मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन करून पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झालेल्या प्राध्यापक यशपाल यांना मिळाला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविणाऱ्या प्रयोगाचे ते एक सूत्रधार होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी थाळ्या गावोगाव उभारल्या गेल्या, आणि दूरचित्रवाणीचा संच कोणा धनवंताच्या ओसरीवर न ठेवता गावाच्या सार्वजनिक जागेत, जो येईल त्याच्यासाठी ठेवण्यात आला.